हत्तीच्या पिल्लाचा जन्म आणि कळप : पकडणाऱ्यांच्या नोंदींतून

कळपात पिल्लू जन्मले की बाकीचे हत्ती काय करतात, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे. पण त्याचे उत्तर माणसाला केव्हा, कोणाकडून आणि कशासाठी कळले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. या टिपणात मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. कारण थोडे विचित्र आहे. हत्तिणीची माया, कळपाची एकजूट, पिल्लाभोवतीचा पहारा यांविषयी जे जुने लेखन आपल्याकडे आहे, ते बहुतेक सगळे हत्ती पकडणाऱ्यांनी किंवा पकडलेले हत्ती बाळगणाऱ्यांनी लिहिलेले आहे. साक्षीदार चांगला आहे, पण त्याचा स्वार्थ आहे. अशा साक्षीदाराकडून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे शिकायला हा विषय सोयीचा आहे.

मी शिकवते तो विषय यंत्रांचा. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा असतो आणि तो तास कोणाला तरी घ्यावाच लागतो. आमच्या बनशंकरीपासून बन्नेरघट्ट्याचे जंगल तासाभराच्या अंतरावर आहे. त्या रानात आजही रानटी हत्ती आहेत, आणि त्याला लागून असलेल्या जैविक उद्यानात पाळलेले हत्ती आहेत. त्यामुळे या तासाला हत्तीचा विषय निघतोच. मुलांनी पाहिलेले असते ते मोबाईलवरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण : पिल्लू खड्ड्यात पडले, चारपाच हत्तिणी धावल्या, पिल्लू वर आले. ते खरेच असते. मात्र धावलेल्यांपैकी आई कोणती आणि बाकीच्या कोण, हे त्यातून कळत नाही. या टिपणाचा बराचसा भाग त्या 'बाकीच्यां'विषयी आहे.

कौटिल्याची यादी

पहिला महत्त्वाचा साक्षीदार कौटिलीय अर्थशास्त्र. या ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत सिद्ध केली, आणि आजही अभ्यासक तीच हाती घेतात. दुसऱ्या अधिकरणात हस्त्यध्यक्षाचे, म्हणजे हत्तीखात्याच्या प्रमुखाचे, काम सांगितले आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा, असा नियम आहे. त्याबरोबरच कोणता हत्ती पकडू नये याची यादी आहे. तीत लहान पिल्लू, दात नसलेला नर, रोगी हत्ती, गाभण हत्तीण आणि अंगावर पाजणारी हत्तीण येतात.

ही यादी वाचून कौटिल्याला भूतदया होती असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. यादीत रोगी हत्ती आणि दात नसलेला नरही आहे. राज्याच्या उपयोगाचा नाही तो पकडून खर्च वाढवू नये, असा हा हिशेब आहे. अंगावर पिणारे पोर आईपासून तोडले तर जगत नाही, जगले तरी वीस वर्षे फुकट पोसावे लागते. आई पकडली तर तिचे लक्ष पोराकडे. तरीही या हिशेबामागे एक निरीक्षण दडलेले आहे : आई आणि पिल्लू ही वेगळी काढता न येणारी जोडी आहे, आणि रानात ती राहू दिली तरच वीस वर्षांनी पकडायला हत्ती मिळेल. हे निरीक्षण हत्तिवनात फिरणाऱ्या नागवनपालांचे असणार. राजधानीत बसून ते सुचणारे नाही.

यादीत एक जागा मोकळी आहे, तिची नोंद आताच करून ठेवा. पाजत नसलेली, गाभण नसलेली, वय झालेली हत्तीण या यादीत नाही. ती पकडायला कौटिल्याची हरकत नाही.

पालकाप्य आणि शब्द

गजशास्त्राची परंपरा ज्याच्या नावावर चालते तो पालकाप्य मुनी. त्याचा 'हस्त्यायुर्वेद' हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी आहे. हत्तींची चिकित्सा सांगणारा एवढा मोठा ग्रंथ सदाशिव-शनिवारच्या परिसरात जुळवला गेला, तेव्हा पेशव्यांचा पीलखाना जाऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

पालकाप्याची जन्मकथा आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तो हत्तिणीच्या पोटी जन्मला आणि कळपात वाढला. अंगदेशाच्या रोमपाद राजाने शेतीची नासधूस करणारे हत्ती पकडून चंपानगरीत बांधून घातले, तेव्हा हा मुनी आपला कळप शोधत तिथे पोचला आणि जखमी हत्तींची शुश्रूषा करू लागला. राजाने विचारले तेव्हा त्याने जे सांगितले ते गजशास्त्र. कथा म्हणून तिचे मोल आहेच. पण तिच्यात कोण काय करतो ते पाहा. राजा पकडतो, आणि ज्याला कळपाने वाढवले तो मागे येतो. हत्तींविषयीचे ज्ञान त्या दोघांच्या भेटीतून जन्मते. माझ्या मते या परंपरेला आपले ज्ञान कुठून आले याची पुरती जाणीव होती, म्हणूनच तिने अशी कथा रचली.

गजशास्त्रात हत्तीच्या वयाला वर्षागणिक नावे आहेत. पहिल्या वर्षाचा बाल, पाचव्या वर्षाचा कलभ, दहाव्या वर्षाचा विक्क, त्यापुढे विसापर्यंत पोत. माणसाच्या पोरालाही आपण इतकी नावे देत नाही. मराठीत यातले फारसे काही उरले नाही, पण 'छावा' हा शब्द उरला. आज छावा म्हटले की सिंहाचा बच्चा किंवा संभाजीराजे आठवतात. जुन्या कोशांत मात्र त्याचा 'हत्तीचे पिल्लू' हाही अर्थ दिलेला असतो.

ग्रंथांइतकीच शिल्पे बोलकी आहेत. महाबलीपुरमला सातव्या शतकातला जो विशाल कोरीव खडक आहे, त्यावरच्या मोठ्या हत्तीच्या पोटाखाली आणि पायांशी पिल्ले कोरलेली आहेत. सहलीला गेलात तर तिथे दोन मिनिटे जास्त थांबा. पिल्लू कुठे असते हे त्या पाथरवटाला नेमके ठाऊक होते : मोठ्यांच्या चार पायांच्या आत, सावलीत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात याच्या उलट गोष्ट रंगवली आहे. मातृपोषक जातकात आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजाने पकडून नेला की अन्न सोडतो, आणि शेवटी राजाला त्याला सोडावे लागते. इथेही नाते दिसते ते पकडल्यानंतर.

गर्भकाळाचा घोळ

आता जन्माकडे येऊ. हत्तीण किती महिने गाभण असते हे ठरवायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. मेगॅस्थेनिसने सोळा ते अठरा महिने सांगितले. ॲरिस्टॉटलने कोणी दीड वर्ष म्हणते, कोणी तीन, असे लिहून ठेवले. मात्र पिल्लू सोंडेने दूध पीत नाही, तोंडाने पिते, हे त्याने बरोबर सांगितले. नवजात पिल्लाला सोंडेचे काय करावे हेच कळत नाही. ती लोंबते, पायात येते, आणि तिच्यावर ताबा यायला काही महिने जातात.

घोळाचे कारण सोपे आहे. पाळलेल्या हत्तींची वीण मुद्दाम होऊ देत नसत. अबुल फजल 'आईन-इ-अकबरी'त लिहितो की पूर्वी पाळीव हत्तींची जोडी लावणे अशुभ समजत आणि अकबराच्या हुकमाने तो समज मोडला. रानातला जन्म कोणी पाहत नाही आणि पीलखान्यात जन्म होत नाही, मग मोजणार कसे?

जहांगीरने पाहिला. त्याच्या आठवणींत एक प्रसंग आहे : हत्तीण त्याच्यासमोर व्याली. पिल्लू पायाकडून बाहेर आले. आईने पायाने त्याच्यावर धूळ उडवली आणि ती त्याला कुरवाळू लागली. पिल्लू क्षणभर पडून राहिले, मग उठून आचळांकडे वळले. मादी पिल्लाला अठरा महिने आणि नराला एकोणीस महिने लागतात असे आपण चौकशी करवून ठरवले, असेही तो नोंदवतो. या बादशहाच्या दारूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण निरीक्षक म्हणून तो पहिल्या प्रतीचा होता. धूळ उडवण्याची नोंद पाहा. ओल्या अंगावर माती टाकणे हत्तिणी आजही करतात. महिन्यांचा आकडा मात्र कमी आहे. गाभण असल्याचे लक्षात आल्यावर मोजायला सुरुवात केली की आकडा कमीच येणार, असा माझा तर्क आहे.

दिवस धरून मोजणी केली ती जॉन कोर्स याने. ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्रिपुरा-कोमिल्ला भागात हत्ती पकडण्याचे काम त्याच्याकडे होते. १७९३ च्या जूनअखेरीस एका हत्तिणीचा संयोग त्याने नोंदवला आणि १७९५ च्या मार्चच्या मध्यास ती व्याली, म्हणजे साडेवीस महिने. १७९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लेख आला. आज आपण अठरा ते बावीस महिने म्हणतो, बहुधा विसाच्या पुढेच. नवजात पिल्लू सुमारे शंभर किलोचे आणि तीन फुटांच्या आसपास उंच असते.

कोर्सच्या लेखात आणखी एक विधान आहे आणि ते पुढे अनेकांनी उचलले : रानटी हत्तीण पिल्लापासून दोन दिवस तुटली की नंतर त्याला ओळखत नाही. इथे थांबून विचार करा. हे त्याने कुठे पाहिले? पकडण्याच्या आवारात. दोरांनी बांधलेली, उपाशी, घाबरलेली हत्तीण, भोवती आग आणि आरडाओरडा. अशा हत्तिणीने पिल्लाला जवळ घेतले नाही, हे निरीक्षण खरे असू शकते. त्यावरून हत्तिणीची स्मृती दोन दिवसांची असते हा निष्कर्ष चुकीचा आहे. कोर्सने यंत्र बिघडवून मग त्याचे मोजमाप घेतले. मुलांना हे उदाहरण लगेच पटते.

सँडरसन : कालव्यांवरचा माणूस

म्हैसूर राज्यात ब्रिटिश कमिशनरांचा अंमल होता तेव्हा चामराजनगरच्या बाजूला जॉर्ज सँडरसन नावाचा तरुण पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांची देखरेख करत होता. कालवे तपासत फिरताना त्याला हत्ती दिसत, आणि हत्ती पिके खातात म्हणून रयत त्याच्याकडे गाऱ्हाणे करी. त्याने सरकारला सुचवले की हे हत्ती पकडू. याआधी हैदर अलीने काकनकोटेच्या रानात असा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. पुढे कोणालाही हे साधणार नाही, अशा अर्थाचा शापलेख हैदरने तिथे दगडावर कोरवला, असे सँडरसनने नमूद केले आहे. सँडरसनला स्वतःला या कामाचा अनुभव नव्हता. तरीही १८७४ च्या जूनमध्ये त्याने पन्नासहून अधिक हत्तींचा कळप एका फटक्यात पकडला. हाच म्हैसूरचा प्रसिद्ध खेड्डा. १८७८ मध्ये त्याने आपल्या तेरा वर्षांच्या अनुभवांचे पुस्तक लंडनला छापले.

खेड्ड्याची रीत थोडक्यात अशी. शेकडो माणसे कळपाला दुरून वेढा घालतात. बांबूचे कुंपण, रात्री शेकोट्या, ढोल. मग खंदक आणि लाकडी ओंडक्यांच्या आवाराकडे कळप हळूहळू लोटला जातो, दरवाजा पडतो, आणि शिकवलेल्या हत्तिणींवर बसून माहूत आत शिरतात. काकनकोटेला तर कळप कबिनी नदीतून पोहत पार करायला लावत. यात यश मिळवायचे तर कळप कधी चालतो, कधी थांबतो, पुढे कोण असते, मागे कोण, हे आधी ठाऊक असावे लागते. सँडरसनने ते शिकून घेतले, स्थानिक कुरुबांकडून आणि स्वतःच्या डोळ्यांनी.

पिल्लू जन्मले की कळप दोन दिवस आईपाशी थांबतो, असे तो लिहितो. तोवर पिल्लू चालण्याइतके होते आणि मग त्याची अडचण होत नाही. अगदी लहान पिल्लेसुद्धा आईच्या मदतीने डोंगर चढतात आणि नद्या ओलांडतात. पोहताना तान्ह्या पिल्लाला आई सोंडेने पुढे धरते. थोडे मोठे झाले की ते आईच्या खांद्यावर चढून बसते.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. त्या काळी साहेब लोकांचा समज असा की कळपाचा नायक म्हणजे मोठे दात असलेला नर. सँडरसनने ठामपणे लिहिले की कळपाच्या पुढे मादीच असते. आणि त्याने कारण दिले : चाल केवढी ठेवायची, मुक्काम कुठे करायचा, निघायचे केव्हा, हे सगळे लेकुरवाळ्यांना झेपेल असे ठरवावे लागते. नराच्या सोयीने चालून त्यांचे भागणार नाही. म्हणजे कळपाचे घड्याळ पिल्लाच्या पायांवर लागलेले असते. एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्याच्या पुस्तकातले हे वाक्य मला कोणत्याही आधुनिक शोधनिबंधाइतके महत्त्वाचे वाटते. त्याने वर्चस्व हा शब्द वापरला नाही, मायेचे गोडवेही गायले नाहीत. वेग आणि अंतर यांच्या भाषेत त्याने कळपाची रचना समजावून दिली. कालव्यावरच्या माणसाला असेच सुचणार.

पण हे ज्ञान वापरले कशासाठी? लेकुरवाळा कळप सावकाश चालतो, दोन दिवस एका जागी थांबतो, संकटात गोळा होऊन पिल्लांना मध्ये घेतो. हे तिन्ही गुण वाघाविरुद्ध उपयोगी आहेत. वेढा घालून बसलेल्या माणसांपुढे तेच गुण घातक ठरतात. एकट्या नराला पकडायला कौशल्य लागते, पण पिल्लांसाठी एकत्र राहणारा कळप सगळाच्या सगळा सापडतो. पन्नासहून अधिक हत्ती एकदम सापडले ते यामुळे.

सँडरसनच्या नोंदीतही एक जागा रिकामी राहिली. आवारात शिरल्यावर त्याच्या लेखी दोनच नाती उरतात, आई आणि पिल्लू. पिल्लाभोवती गोळा झालेल्या बाकीच्या हत्तिणींना तो पाहतो, पण त्या कोण हे विचारत नाही. विचारायला सवडही नव्हती. हत्ती मोजायचे, विकायचे, वाटायचे. हत्तिणीची मावशी किंवा आजी अशी नोंद वहीत करून फायदा काय?

न पकडता पाहणे

काकनकोटेचा अखेरचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. पुढे ती जागा कबिनी धरणाच्या पाण्याखाली गेली. १९७७ मध्ये हत्तीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. या दशकात हत्तीकडे पाहणाऱ्या माणसांचा पेशाच बदलला.

या बदलात एक मराठी नाव आहे. पुण्यात वाढलेले माधव गाडगीळ १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांनी आणि विजयकुमारन नायर यांनी पाळलेल्या हत्तींचे गट रानात मोकळे चरत असताना पाहिले, आणि १९८४ मध्ये त्यांच्या सामाजिक वर्तनावर निबंध प्रसिद्ध केला. यातली युक्ती अशी की पाळलेला हत्ती माणसाला जवळ येऊ देतो, त्यामुळे कोण कोणाशेजारी उभे राहते, कोण कोणाला स्पर्श करते, हे तासन्‌तास टिपता येते. हत्ती माणसाळवलेलेच होते, पण आता त्यांना वेगळे प्रश्न विचारले जात होते. गाडगीळांचे विद्यार्थी रामन सुकुमार यांनी चामराजनगर-सत्यमंगलमच्या रानात, म्हणजे सँडरसनच्याच मुलखात, रानटी हत्तींचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुदुमलैला हत्तींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे घालून त्यांच्या वाटा शोधल्या. त्या कामातले अजय देसाई बेळगावचे.

त्याच सुमारास केनियातल्या अंबोसेली रानात फिलिस ली या संशोधिका पिल्लांवर लक्ष ठेवून होत्या. १९८७ मध्ये त्यांनी दाखवले की आईखेरीज इतर माद्या, विशेषतः अजून स्वतः न व्यालेल्या तरुण माद्या, पिल्लाजवळ राहतात, ते अडखळले की धावतात, भरकटले की परत आणतात. आणि ज्या कुटुंबांत अशा सांभाळणाऱ्या जास्त, तिथे पिल्ले जास्त जगतात. आफ्रिकी हत्ती आणि आपला हत्ती यांच्यात फरक आहेत, म्हणून हे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे आणू नयेत. पण आशियाई हत्तींतही ही 'मावशी' दिसते. पाळलेल्या हत्तिणींतही पिल्लू झाले की शेजारच्या हत्तिणी सोंडेने त्याला हुंगतात, चाचपतात, घुमतात, कधी चीत्कारतात, आणि उठायला धडपडणाऱ्या पिल्लाला सोंड किंवा पाय लावतात. कधीही जन्म न पाहिलेली पहिलटकरीण एकटी असेल तर ती पिल्लाला घाबरते, त्याच्यावर धावूनही जाते, हा प्राणिसंग्रहालयांचा कडू अनुभव आहे. अनुभवी हत्तीण शेजारी असली की असे प्रसंग कमी होतात. आपल्याकडच्या माहेरपणाच्या चालीशी याची तुलना करण्याचा मोह मला होतो, पण ती तुलना फार ताणू नये.

आजीचा पुरावा मात्र म्यानमारातून आला, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो नीट पाहावा. तिथे सागवान ओढायला सरकारी मालकीचे हजारो हत्ती होते. मालमत्ता सरकारी, म्हणून प्रत्येकाची वही : जन्म कधी, आई कोण, कोणत्या छावणीत, मृत्यू कधी आणि कशाने. या वह्या संशोधकांनी मिळवून अभ्यासल्या. २०१६ मध्ये लाहदेनपेरा, खिन उ मार आणि लुम्मा यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : आई वीस वर्षांखालची असेल आणि तिची स्वतःची आई त्याच छावणीत असेल, तर पिल्लू दगावण्याचा धोका आठपटीने कमी होतो. अनुभवी आयांच्या पिल्लांत असा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे आजी नातवंड सांभाळते आणि लेकीला आई व्हायला शिकवते, असे समजायला जागा आहे. या वह्या कोणी लिहिल्या होत्या? हत्ती राबवणाऱ्यांनीच. माहिती शंभर वर्षे दप्तरात पडून होती, तिच्याकडे आजीविषयी विचारणा कोणी केली नव्हती.

काकनकोटेच्या बुडालेल्या जागेचेही पुढे असेच झाले. उन्हाळ्यात कबिनीचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या तळावर हिरवे गवत येते आणि हत्ती तिथे जमतात. २००९ पासून बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या टी. एन. सी. विद्या आणि त्यांचे सहकारी कान, शेपूट, दात यांच्या खुणांवरून एकेक हत्ती ओळखून त्यांची नाती मांडत आहेत. एका वेळी दिसतात त्या तीनचार हत्तिणी म्हणजे पूर्ण कुळ नव्हे, असे त्यांच्या कामातून स्पष्ट होते. त्या पांगतात, पुन्हा जमतात, आणि कुळातल्या इतर बाया दुसऱ्या काठावर असू शकतात. जिथे दोरखंड पडत तिथेच आज वंशावळी तयार होत आहेत.

तिलारीच्या बाजूला

आता महाराष्ट्राकडे येऊ. २००२ च्या सुमारास दांडेलीकडचे हत्ती खानापूर, चंदगडमार्गे सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या डोंगरात उतरले. ते आजही दोडामार्ग, तिलारी, आजरा, चंदगड या भागात आहेत. माड, पोफळी, केळी, भात यांचे नुकसान खरे आहे आणि ज्याची बाग एका रात्रीत आडवी झाली त्याला हत्तीच्या मायेची कथा सांगू नये. रोमपाद राजाची अडचण हीच होती आणि सँडरसनकडे आलेल्या रयतेचीही. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात कर्नाटकातून आणलेल्या शिकवलेल्या हत्तींच्या मदतीने तीन हत्ती पकडण्यात आले. हत्ती पकडा, ही मागणी अधूनमधून पुन्हा होत असते.

तिलारीच्या बाजूला हत्तीण पिल्लांसह वावरते हे तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. अशा ठिकाणी सँडरसनच्या दोन दिवसांचा अर्थ बदलतो. बागेजवळ कळप हलत नाही म्हणून सुतळी बॉम्ब आणि मशाली घेऊन लोक जमतात, तेव्हा तो न हलण्याचे कारण तीन फूट उंचीचे आणि कोवळ्या पायांचे असू शकते. त्या वेळी आईपेक्षाही बाजूच्या हत्तिणी जास्त आक्रमक दिसतात. रेंगाळणारा कळप हट्टाने थांबला आहे की पिल्लासाठी, हे दुर्बिणीतून दुरून पाहता येते. त्यावरून दोन दिवस वाट सोडायची की लगेच हुसकायचे हे ठरवता येते.

पकडायचेच ठरले तर कोणाला, हा प्रश्न उरतो. पिल्लू आणि पाजणारी आई सोडून द्या, हे आज कोणीही सांगेल. कौटिल्यानेही सांगितले होते. पुढे चालणारी, वाट दाखवणारी, बागेत पहिली शिरणारी वयस्क हत्तीण मात्र सहज डोळ्यांत भरते. ती गाभण नसते, पाजत नसते, नुकसानीचे खापरही तिच्यावरच फुटते. तिला उचलले तर कळपातली तरुण हत्तीण पहिल्या बाळंतपणाला कोणाशेजारी उभी राहणार, हे त्या कळपातली नाती वर्षभर टिपल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. सिंधुदुर्गातले हत्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यामुळे हे टिपण एका वनरक्षकाला एका वहीत करता येईल.